'लाफिंग स्टॉक'मधला स्टॉक कुठला? (खोडा, पिलोरी आणि हसे)

चिंचोके

चारचौघांत हसे झालेल्या माणसाला इंग्रजीत 'लाफिंग स्टॉक' म्हणतात. यातल्या 'स्टॉक'ची एक कथा जालावर सगळीकडे फिरते. जुन्या इंग्लंडात गुन्हेगाराचे पाय लाकडी फळ्यांत अडकवून त्याला बाजारात बसवत, येणारेजाणारे हसत, त्या फळ्यांना 'स्टॉक्स' म्हणत, म्हणून लाफिंग स्टॉक. कथा इतकी चपखल बसते की तिथेच शंका येते.

दुसरा प्रश्न भाषांतराचा. वाक्य साधारण असे: वजनात मारणाऱ्या पाववाल्याला पिलोरीत (मान आणि हात अडकवणाऱ्या लाकडी चौकटीत) उभे केले आणि तो साऱ्या चीपसाइडचा (लंडनच्या जुन्या बाजाररस्त्याचा) लाफिंग स्टॉक झाला. भाषांतरयंत्राने याचे 'वधस्तंभावर चढवले आणि तो चीपसाइडचा हास्यसाठा बनला' असे केले. हास्यसाठ्यावर हसून पुढे जाता येते, पण पिलोरीसाठी 'वधस्तंभ' हा शब्द चांगल्या मराठी लेखांतही दिसतो. जाणकारांनी दोन्ही गाठी सोडवाव्यात.

बोरूबहाद्दर

पहिली गाठ सोडवतो. कथा चुकीची आहे, पण सपशेल नाही. शब्द त्याच झाडाचा आहे, फांदी वेगळी.

'स्टॉक'चा मूळ अर्थ झाडाचे खोड, बुंधा, ओंडका. जुन्या इंग्रजीतले रूप 'स्टॉक्क', आणि जर्मन 'श्टोक', डच 'स्टोक' हे त्याचे भाऊबंद. या एका खोडाला किती फांद्या फुटल्या पाहा: घराण्याचे मूळ म्हणून स्टॉक, बंदुकीचा लाकडी दस्ता म्हणून स्टॉक, दुकानातला साठा, गोठ्यातली जनावरे, पातेल्यातले हाडांचे पाणी. पाय अडकवायच्या फळ्या म्हणजे 'स्टॉक्स' ही त्यातलीच एक.

'लाफिंग स्टॉक'मध्ये मात्र आणखी वेगळी फांदी आहे. ओंडका निर्जीव, त्याला काही कळत नाही, कोणी काही केले तरी तो जागचा हलत नाही. म्हणून 'स्टॉक' म्हणजे ठोकळा, मठ्ठ माणूस. लाकूड-दगडाच्या मूर्तींना हिणवायला जुन्या इंग्रजीत 'स्टॉक्स अँड स्टोन्स' म्हणत, तेही यातूनच. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये ट्रानिओ हा नोकर मालकाला सांगतो की अभ्यास जरूर करू, पण आपण 'स्टोइक'ही नको व्हायला आणि 'स्टॉक'ही नको. म्हणजे विरक्त तत्त्वज्ञ नको आणि ठोंब्याही नको.

अशा ठोकळ्यावर लोक जे काही करतात ते क्रियापद पुढे लावले की शब्द तयार. ज्याला हसायचे तो लाफिंग स्टॉक, ज्याकडे टकामका बघायचे तो गेझिंग स्टॉक, ज्याच्याकडे बोट दाखवायचे तो पॉइंटिंग स्टॉक, ज्याची हेटाळणी करायची तो फ्लाउटिंग स्टॉक, टवाळी करायची तो मॉकिंग स्टॉक. अख्खे कुटुंब होते. आज त्यातला एकच जिवंत आहे, म्हणून तो एकटा पाहून आपण चुकतो.

सुतारपक्षी

व्युत्पत्तीचे भांडण चालू राहू दे, आधी साधने वेगळी करून घेऊ. दोन्हींची सरमिसळ नेहमी होते.

स्टॉक्स: जमिनीत रोवलेल्या दोन खुंट्यांमध्ये एकावर एक आडव्या दोन जाड फळ्या. खालची पक्की, वरची खोबणीत सरकणारी किंवा एका टोकाला बिजागरी लावलेली. दोन्ही फळ्यांच्या जुळत्या कडांवर अर्धवर्तुळे कापलेली, फळ्या मिटल्या की त्यांची पूर्ण भोके होतात. भोकांत घोटे. दुसऱ्या टोकाला कडी-कोयंडा आणि कुलूप. माणूस मागे बाकावर किंवा सरळ जमिनीवर बसलेला. हात मोकळे. म्हणजे चेहरा झाकता येतो, अंगावर आलेली वस्तू अडवता येते.

पिलोरी: उंच चौथऱ्यावर एक खांब, खांबाच्या माथ्याजवळ तशाच दोन फळ्या, पण भोके तीन. मधले मोठे मानेसाठी, बाजूची दोन लहान मनगटांसाठी. माणूस उभा. हात अडकलेले, तोंड समोर, मान वळवता येत नाही. काही ठिकाणी फळ्यांची चौकट खांबाभोवती फिरायची आणि अडकलेल्याला तिच्याबरोबर गोल चालावे लागायचे, म्हणजे चारी बाजूंच्या गर्दीला सारखे दर्शन.

सहलीच्या ठिकाणी लोक मान आणि हात घालून फोटो काढतात आणि खाली 'स्टॉक्समध्ये' असे लिहितात. ती पिलोरी. पाय असतील तर स्टॉक्स, मान असेल तर पिलोरी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. वॉरिकशरमधल्या कोल्सहिल गावात एकाच खांबावर दोन्ही आणि शिवाय फटके मारायची जागा असे एकत्रित साधन अजून उभे आहे. तिथे तिन्हींतला फरक एका नजरेत कळतो.

घाटमाथा

@बोरूबहाद्दर, पटले नाही. शब्द ज्या काळात रुळला त्या काळात गावोगाव स्टॉक्स होते. रोज डोळ्यासमोर असलेल्या वस्तूचा आणि शब्दाचा संबंध नाही म्हणणे म्हणजे 'चव्हाट्यावर आणणे'चा चव्हाट्याशी संबंध नाही म्हणण्यासारखे आहे.

बोरूबहाद्दर

प्रश्न रास्त आहे. पुरावे मांडतो.

एक, वचन. पायाच्या फळ्या दोन, म्हणून साधनाचे नाव जवळजवळ नेहमी अनेकवचनी: 'स्टॉक्स', 'पेअर ऑफ स्टॉक्स'. विजार-चड्डीला इंग्रजीत जसे अनेकवचन लागते तसे. लाफिंग स्टॉक मात्र एकवचनी. साधनावरून आला असता तर 'लाफिंग स्टॉक्स'मध्ये बसवले अशी रचना सापडायला हवी होती.

दोन, कोणाबद्दल वापरले आहे ते पाहा. 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये वेल्श पाद्री एव्हन्स आणि फ्रेंच वैद्य केयस यांचे द्वंद्व ठरते. खाणावळीचा मालक दोघांना वेगवेगळ्या जागा सांगून फसवतो. दोघे समोरासमोर आल्यावर, फसगत उघड होण्याआधीच, एव्हन्स हळूच म्हणतो, आपण लोकांच्या लहरीपायी लाफिंग स्टॉक नको व्हायला. थोड्या वेळाने तोच त्याच्या वेल्श उच्चारात 'फ्लाउटिंग स्टॉक' म्हणतो. दोघेही मोकळ्या माळावर तलवारी घेऊन उभे. फळ्यांचा मागमूस नाही.

'हेन्री सहावा'च्या दुसऱ्या भागात ग्लॉस्टरची डचेस एलिनॉर स्वतःला 'पॉइंटिंग स्टॉक' म्हणते. ती त्या वेळी अनवाणी, पांढरे वस्त्र गुंडाळून, हातात मेणबत्ती घेऊन लंडनच्या रस्त्यांवरून चालते आहे. ही शिक्षा इतिहासात खरेच झाली होती, १४४१ साली, ३ दिवस. म्हणजे चालणारी बाई 'स्टॉक'. खोड्यात असती तर चालली कशी असती?

तीन, आणि हा मला सर्वांत भक्कम वाटतो. १६११च्या इंग्रजी बायबलात नहूम संदेष्टा निनवे नगराला सांगतो की तुला गेझिंग स्टॉक करीन. अख्ख्या नगराचे घोटे कुठल्या फळीत घालणार?

काही कोशांत आणखी एक मत आहे: फटके मारायच्या खुंटाला 'व्हिपिंग स्टॉक' म्हणत, त्याच्या धर्तीवर लाफिंग स्टॉक झाला. अडचण अशी की छापील नोंदीत लाफिंग स्टॉक आधी येतो, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि व्हिपिंग स्टॉक नंतर. बापाआधी पोर जन्मल्यासारखे.

घाटमाथा

निनवे मान्य. तरी एक म्हणणे राहते. शब्द फळ्यांतून आला नसेल, पण ऐकणाऱ्याच्या मनात त्या फळ्या उभ्या राहत असणार.

बोरूबहाद्दर

ते मी नाकारत नाही. एकाच आवाजाचे दोन शब्द शेजारी असले की एकाचा वास दुसऱ्याला लागतो. फक्त 'मूळ' आणि 'वास' एक नव्हेत.

कायदेपंडित_नाही

शिक्षेचा भाग मी घेतो, कारण त्याशिवाय पाववाल्याचे वाक्य नीट लागणार नाही.

स्टॉक्स ही खालच्या थरातली, गावपातळीवरची शिक्षा. काळ्या साथीनंतर (चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर) मजूर कमी पडले आणि मजुरीचे दर चढले. १३५१च्या मजुरांच्या कायद्याने ठरलेल्या दराने काम न करणाऱ्याला स्टॉक्समध्ये घालण्याची तरतूद केली आणि त्यासाठी प्रत्येक गावात स्टॉक्स उभारण्याचा हुकूम निघाला. पुढे १६०६च्या कायद्याने दारू पिऊन तर्र होणाऱ्याला ५ शिलिंग दंड, आणि तो भरता आला नाही तर ६ तास स्टॉक्स. यातला मथितार्थ असा की खिशात पैसे असलेला सुटायचा, नसलेला बसायचा. एखाद्या सभ्य माणसाला स्टॉक्समध्ये घालणे म्हणूनच शिक्षेपेक्षा अपमान ठरे. 'किंग लिअर'मध्ये राजाचा दूत केंट याला स्टॉक्समध्ये बसवतात तेव्हा ती थप्पड केंटच्या नव्हे, राजाच्या गालावर असते. ग्लॉस्टरचा सरदार नेमका हाच मुद्दा काढून विरोध करतो: ही शिक्षा भुरट्या चोरांची आहे, राजाच्या माणसाची नव्हे.

पिलोरी मोठ्या गावांची आणि फसवणुकीची शिक्षा. वजनात मारणारा, खोटी साक्ष देणारा, खोटे दस्त करणारा, सरकारविरुद्ध छापणारा. पाव आणि बिअरचे नियम १२६६च्या सुमाराचे. त्यात पावाची किंमत ठरलेली आणि वजन गव्हाच्या भावाप्रमाणे बदलणारे. गहू महागला की पाव महाग होत नसे, लहान होत असे. त्यामुळे पाववाल्याची लबाडी किमतीत नाही तर वजनात, आणि पकडायला तराजू पुरे.

लंडन शहराच्या १४१९च्या नियमग्रंथात पाववाल्याची शिक्षा पायरीपायरीने दिली आहे. पहिल्यांदा सापडला तर कमी वजनाचा पाव गळ्यात अडकवायचा आणि काठ्यांच्या सांगाड्यावर घालून त्याला गिल्डहॉल या नगरसभागृहापासून गजबजलेल्या आणि घाणेरड्या रस्त्यांतून ओढत न्यायचे. दुसऱ्यांदा सापडला तर ओढत नेऊन पिलोरीत किमान १ तास. तिसऱ्यांदा सापडला तर भट्टी पाडायची आणि शहरात पुन्हा हा धंदा करणार नाही अशी शपथ घ्यायला लावायची. वजनात मारण्याला मुरड घालायची ही चढती भाजणी. आजच्या दंडापेक्षा जास्त लागू पडत असेल, कारण गिऱ्हाईक तोंड ओळखायचे.

शिक्षा गुन्ह्याला शोभेल अशी बेतायची हौस दिसते. १३६४ साली नासकी वाइन विकल्याबद्दल जॉन पेनरोज याला त्याच वाइनचा एक घोट प्यायला लावला, उरलेली त्याच्या डोक्यावर ओतली आणि शहरात वाइन विकायला मनाई केली.

सुतारपक्षी

@कायदेपंडित_नाही, पहिल्या पायरीला मराठीत एकच शब्द: धिंड.

मध्यान्हीचा_कंदील

पिलोरीबद्दल एक गोष्ट सुटते आहे, आणि 'पिलोरी करणे' या आजच्या क्रियापदाचा अर्थ तिच्यावरच अवलंबून आहे. न्यायाधीश शिक्षा द्यायचा ती फक्त उभे राहण्याची, सहसा दुपारच्या सुमारास १ तास. पुढचे सगळे गर्दीच्या हातात. चिखल, सडकी अंडी, खाटकाकडची घाण, मेलेली मांजरे, आणि दगड. खांबाभोवती शिपायांचे कडे असे, ते किती घट्ट ठेवायचे तेही स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर. कागदावर एकच शिक्षा, पण प्रत्यक्षात एकाला हारतुरे आणि दुसऱ्याला मरण.

हारतुऱ्यांचे उदाहरण डॅनिएल डिफो. चर्चच्या कडव्या लोकांची नक्कल करणारी उपरोधिक पुस्तिका छापल्याबद्दल जुलै १७०३मध्ये त्याला लागोपाठ ३ दिवस, कॉर्नहिल, चीपसाइड आणि टेंपल बार इथे पिलोरीत उभे केले. त्याने आधीच पिलोरीवर एक कविता लिहून ठेवली होती आणि ती त्याच दिवसांत विकली गेली. गर्दी त्याच्या बाजूची होती. फुले उधळल्याची आख्यायिका त्यातूनच आली. १८१२मध्ये टॉमस पेनचे लेखन छापणारा डॅनिएल आयझॅक ईटन उभा राहिला तेव्हाही लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसे करण्यासाठी बांधलेला मंच मग सरकारचेच हसे करतो.

उलट बाजू भयानक. खोट्या साक्षी देऊन बक्षिसाच्या पैशांसाठी माणसांना फाशीच्या दारात नेणारा जॉन वॉलर १७३२मध्ये सेव्हन डायल्सच्या पिलोरीत गर्दीने ठार मारला. १७८०मध्ये लंडनच्या सदर्क भागात विल्यम स्मिथ नावाचा गाडीवान मेला. पुरुषाशी संबंध ठेवल्याचा आरोप. तो बुटका आणि आखूड मानेचा, फळीतले भोक त्याच्या मानेपेक्षा उंच, त्यामुळे तो जवळजवळ लटकलेलाच होता. वरून दगडांचा मारा. खासदार एडमंड बर्कने हे प्रकरण संसदेत मांडले आणि म्हटले की लाजेची म्हणून दिलेली शिक्षा मृत्यूची ठरली. समलिंगी संबंधांच्या आरोपाखाली उभे केलेल्यांवर गर्दी सर्वांत निर्दय असे, हे १८१०च्या हेमार्केटच्या प्रकरणातही दिसते.

थोडक्यात यंत्राचा दोष सुताराचा होता तसा कायद्याचाही: उंची ठरलेली, माणसे लहानमोठी, आणि शिक्षेचे माप न्यायालयाबाहेर उभे.

बोरूबहाद्दर

@मध्यान्हीचा_कंदील, उत्तम. यात कान कापण्याचीही भर घाला. सरकार आणि चर्चविरुद्ध लिहिणाऱ्या विल्यम प्रिन याचे कान १६३४ आणि १६३७ असे दोनदा पिलोरीवर कापले, दुसऱ्या वेळी राहिलेले खुंट. शिवाय गालावर 'एस एल' ही अक्षरे डागली, म्हणजे राजद्रोही निंदक. पठ्ठ्याने त्याचा लॅटिन अर्थ स्वतःच लावला: 'लॉडच्या खुणा'. लॉड म्हणजे त्याला शिक्षा देववणारा आर्चबिशप.

आता क्रियापद. १८१६च्या कायद्याने पिलोरी फक्त खोट्या साक्षीपुरती उरली. जून १८३०मध्ये लंडनमध्ये पीटर जेम्स बॉसी शेवटचा उभा राहिला, १ तास, खोट्या साक्षीसाठीच. १८३७मध्ये शिक्षा रद्द. लाक्षणिक 'पिलोरी करणे' त्याआधीच, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून छापात आहे. म्हणजे लाफिंग स्टॉकच्या उलट इथे मूळ आणि चित्र दोन्ही एकच आहेत. शब्द फ्रेंच 'पिलोरी'तून आला.

स्टॉक्स मात्र औपचारिकपणे रद्दच झाले नाहीत, ते वापरातून गेले. सर्रास दिले जाणारे शेवटचे उदाहरण जून १८७२मधले, न्यूबरी इथले: मार्क टक, चर्चमध्ये दारू पिऊन दंगा, ४ तास.

ओटीवरची_खुर्ची

दुसऱ्या गाठीकडे वळते. मराठीला यातली अर्धी वस्तू नवीन नाही.

स्टॉक्सला मराठीत शब्द आहे, आणि तो जुना आहे: खोडा. कैद्याचे पाय अडकवायचे लाकूड. मराठी बायबलात पौल आणि सीला या ख्रिस्ती प्रचारकांना फिलिप्पैच्या तुरुंगात टाकतात तेव्हा त्यांचे पाय खोड्यातच अडकवतात. आज आपण 'कामात खोडा घातला' म्हणतो तेव्हा कोणाला ती वस्तू आठवत नाही, पण अडवून ठेवण्याचा अर्थ तिच्यातूनच आहे. आणि गंमत बघा, इंग्रजीत झाडाचा बुंधा 'स्टॉक' आणि त्यापासून पायांचे साधन 'स्टॉक्स'. आपल्याकडे झाडाचे खोड आणि पायांचा खोडा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तेच केले.

मात्र इथून 'लाफिंग स्टॉक'साठी 'हसण्याचा खोडा' असे काही घडवायला जाऊ नये. मराठीत खोड्याला अडथळ्याचा अर्थ चिकटलेला आहे, वाचक भलतीकडे जाईल. ती जागा 'हसे' या शब्दाने कधीच घेतली आहे.

गोंयचो_पाव

पिलोरी गोव्यात आहे, म्हणून थोडे. पोर्तुगीज 'पेलोरिन्यु' हा इंग्रजी-फ्रेंच 'पिलोरी'च्याच घराण्यातला मानला जातो. पण वस्तू वेगळी. पोर्तुगालमध्ये आणि त्यांच्या वसाहतींत पेलोरिन्यु म्हणजे दगडी खांब, नगरपालिकेच्या अधिकाराची खूण म्हणून चौकात उभा. फळ्या नाहीत, भोके नाहीत, गुन्हेगाराला खांबाला बांधायचे. ब्राझीलच्या साल्वादोर शहराच्या जुन्या भागाचे नावच पेलोरिन्यु आहे.

जुन्या गोव्यात असा एक काळ्या दगडाचा खांब रस्त्याच्या कडेला आहे. लोक त्याला 'हात कातरो खांब' म्हणतात. धर्मांतर नाकारणाऱ्यांचे हात इथे कापले अशी लोकस्मृती. इतिहासाचे अभ्यासक तो पेलोरिन्यु असल्याचे सांगतात. मुद्दा इतकाच की गोव्याचा संदर्भ असेल तिथे 'पिलोरी'चे भाषांतर करताना मान-हात अडकवणाऱ्या फळ्यांचे चित्र उभे करू नका. तिथे खांब आहे.

ओटीवरची_खुर्ची

@गोंयचो_पाव, धन्यवाद, हे महत्त्वाचे. म्हणजे 'वधस्तंभ' गोव्यासाठी आकाराने जवळ आणि अर्थाने तरीही चूक, कारण पिलोरीत मारण्याची शिक्षा नसते. इंग्लंडच्या संदर्भात तर आकारही चूक. माझी शिफारस: पहिल्यांदा येईल तिथे 'पिलोरी' ठेवा आणि वाक्यातच एकदा सांगा, मान आणि मनगटे अडकवणारी लाकडी चौकट. नंतर नुसते 'पिलोरी'. लाक्षणिक अर्थ असेल तर मूळ शब्द सोडून द्या: 'वर्तमानपत्रांनी मंत्र्याला चव्हाट्यावर आणून झोडपले'.

हशाचे शब्द मात्र वेगवेगळ्या खणांत ठेवायला हवेत, सगळे एका डब्यात नाही.

'हसे होणे' हे टिकणारे. लोक आठवड्याने भेटले तरी हसतात. लाफिंग स्टॉक म्हणजे हेच. आणि स्वतःच्या कर्माने झाले तर 'हसे करून घेणे', जे इंग्रजी 'मेक अ लाफिंग स्टॉक ऑफ हिमसेल्फ'ला तंतोतंत बसते.

'पोपट होणे' क्षणाचे. अपेक्षा एक, घडले भलतेच, तिथल्या तिथे खी खी. उद्या कोणी आठवत नाही. लाफिंग स्टॉकसाठी हलके पडते.

'गिऱ्हाईक करणे' हे ठरवून. चौघे मिळून एकाला पकडतात आणि संध्याकाळभर त्याची टर उडवतात. हा इंग्रजीतला 'बट' आहे. तो 'बट' तिरंदाजीच्या निशाणामागच्या मातीच्या ढिगाऱ्यावरून आलेला, बाण येत राहतात आणि ढिगारा सोसत राहतो. स्टॉक म्हणजे ठोकळा, बट म्हणजे ढिगारा, दोन्ही मुकाट.

'नाचक्की' आणि 'शोभा' यांत हसू कमी आणि प्रतिष्ठा गेल्याची सल जास्त. 'अब्रू वेशीला टांगणे' तर हसण्याच्या पलीकडचे.

मध्यान्हीचा_कंदील

'गिऱ्हाईक'ला दाद. अवांतर: पाववाल्याच्या वाक्यात मात्र तो वापरू नका. तिथे खरेखुरे गिऱ्हाईक आसपास उभे आहे, घोटाळा होईल.

शुद्धलेखन_सैनिक

इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी चार कोरड्या गोष्टी.

ब्रिटिश वापरात सहसा दोन शब्द, अमेरिकन कोशांत एकच जोडशब्द. जुन्या छपाईत मध्ये रेघ. तिन्ही चालतात, एका मजकुरात एकच ठेवा.

हा शब्द मोजता येणारे नाम आहे, म्हणून आधी 'अ' किंवा 'द' लागतेच. 'ही बिकेम लाफिंग स्टॉक' ही आपल्याकडची नेहमीची चूक. मराठीत 'हसे झाले'ला उपपद नसल्याने ती होते.

अनेक माणसे मिळून हसे झाले तर एकवचन चालते, समूह एक ठोकळा धरून. एव्हन्सने अनेकवचन केले आहे, तेही चूक नाही.

कोणाच्या नजरेत, हे 'ऑफ'ने सांगतात: गावाचा, शाळेचा, युरोपचा. मराठीत तेच 'गावात', 'शाळेत', 'युरोपभर' असे सप्तमीने किंवा 'भर'ने येते. 'गावाचे हसे झाले' लिहिलेत तर अर्थ उलटतो, लोक गावालाच हसतात. हीच चूक भाषांतरांत सर्वांत जास्त सापडते. 'स्टॉल्क' आणि 'लाफिंग स्टफ' या चुका त्यामानाने निरुपद्रवी.

चिंचोके

सर्वांचे आभार. 'चा / भर' हा मुद्दा लक्षात आलाच नव्हता. वाक्य आता असे होते:

"वजनात मारणाऱ्या पाववाल्याची आधी धिंड निघाली. पुन्हा सापडला तेव्हा मान आणि मनगटे अडकवणाऱ्या पिलोरीत त्याला तासभर उभे केले आणि चीपसाइडभर त्याचे हसे झाले."

मूळ वाक्यात धिंड नाही. कायदेपंडितांच्या माहितीमुळे ती घालायचा मोह होतो आहे.

कायदेपंडित_नाही

मोह आवरा. मूळ लेखकाने पहिला गुन्हा सांगितलेला नाही, तर तुम्ही पाववाल्याची शिक्षा वाढवू नका. धिंड काढा, बाकी वाक्य छान आहे.

घाटमाथा

शेवटचा दम लावून बघतो. 'स्टॉकिंग' म्हणजे लांब पायमोजे, तेही याच स्टॉकमधून ना? पाय, फळ्या, मोजे. मग फळ्यांचा वास अगदीच लांबचा नव्हता.

बोरूबहाद्दर

हा मात्र हुकमी पत्ता, आणि तो शेक्सपिअरच खेळला आहे. त्या काळी पायाच्या खालच्या कपड्याला 'नेदर स्टॉक्स' म्हणत. केंटला खोड्यात बसलेला पाहून लिअरचा विदूषक म्हणतो की पाय फार वळवळणाऱ्या माणसाच्या नशिबी लाकडी नेदर स्टॉक्स येतात. त्याआधीच 'याने क्रूर गार्टर घातले आहेत' असेही म्हणून घेतो. क्रूर या अर्थाचा इंग्रजी शब्द 'क्रूएल' आणि लोकरीच्या धाग्याचे नाव 'क्रूएल' यांचा उच्चार सारखाच. मराठीत हा श्लेष उतरत नाही, 'लाकडी पायमोजे' एवढेच हाती लागते.

डचांची फजिती मात्र तुमच्या बाजूची आहे. 'आन दे काक स्टेलन' म्हणजे एखाद्याला उघडे पाडणे. यातला 'काक' म्हणजे शिक्षेचा चौथरा. पण आजच्या डचमध्ये 'काक' म्हणजे जबडा, म्हणून बऱ्याच जणांना वाटते की हे जबड्याशी लावायचे काहीतरी आहे.

घाटमाथा

म्हणजे आपल्या कथेच्या नेमके उलटे. त्यांच्याकडे खरा चौथरा विसरला, आपण नसलेल्या फळ्या आणून बसवल्या.